मालासोबत माणूस

आमच्या अनाथालयाचं धान्य एसटीनं यायचं, आणि त्या एसटीचे कंडक्टर हे मी पाहिलेले सगळ्यात घाबरट गृहस्थ होते. घाबरट म्हणजे स्वतःच्या जिवाला जपणारे नव्हेत. तसे असते तर एटापल्लीच्या पुढची ती जंगलातली ड्यूटी त्यांनी मागून घेतली नसती. त्यांची सगळी भीती दुसऱ्यांसाठी असे. चढताना म्हातारीचं लुगडं पायरीत अडकेल, ड्रायव्हरला जांभई येईल, मागच्या सीटवरचं पोर खिडकीतून हात काढेल, अशा शंभर गोष्टी त्यांच्या डोळ्यांपुढं आधीच घडून गेलेल्या असत.

पूल आला की एक घंटी. गाडी थांबायची. हे खाली उतरायचे, पायी पूल ओलांडायचे, कठड्याला हात लावून खाली वाकून पाहायचे आणि पलीकडून शिटी मारायचे. मग गाडीनं यायचं. बाहेरगावचे लोक वैतागत. रोजचे लोक तेवढ्यात बिडी ओढून घेत. शिट्या ते दोन बाळगत, एक गळ्यात आणि एक खिशात, कारण गळ्यातली हरवली तर काय करता.

ड्रायव्हर उंचापुरा, शांत माणूस होता. प्रत्येक थांब्यावर त्याला एकच प्रश्न यायचा.

"ब्रेक पाह्यले का?"

"पाह्यले, भाऊ. ब्रेकनं मलेबी पाह्यलं."

कंडक्टर या उत्तरावर कधी हसले नाहीत. गाडी वेळेवर आली तर त्यांचा चेहरा आणखीच उतरे. "वेळेवर आलो म्हंजे पुढं काहीतरी ठेवलं आहे, बाई," असं म्हणत ते माझ्याकडून पाण्याचा तांब्या घेत. जेवायचा आग्रह केला तर चार घास खात आणि ताट सारत. भरल्या पोटी माणूस बेसावध होतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी कोरपन्याची. कापसाच्या आणि सिमेंटच्या मुलखात वाढलेली पोर, इथं अधीक्षिका म्हणून आले. पद ऐकायला मोठं, पण काम म्हणाल तर केसांतल्या उवांपासून कौलांच्या गळतीपर्यंत सगळं. स्वयंपाकाला इथल्याच माडिया गोंड जमातीतल्या एक बाई होत्या, त्याच माझ्या दुभाषी. सरकारी धान्य यायचं, पण पोरं खरी जगत ती रस्त्यावरच्या गावांच्या जिवावर. धान निघाला की घरटी काहीतरी निघे. कुणी पोतं, कुणी पायली. मग वर्षभर वेलावरचा पहिला कोहळा, चिंचेचा गोळा, अंबाडीची भाजी, कधी पाय बांधलेली कोंबडी. गावांकडं गाड्या नव्हत्या, आमच्याकडंही नव्हती. तेव्हा एसटी.

इथं कंडक्टरभाऊंचा नियम आडवा येई. थांब्यावर पोतं ठेवून माणूस घरी निघाला की ते हात पसरून दारात उभे राहत.

"मालासोबत माणूस पाह्यजे."

"अरे भाऊ, अनाथालयाचं आहे. तूच उतरवून दे."

"मालासोबत माणूस पाह्यजे. नाई तं राहू द्या."

मग तो माणूस कुरकुरत चढे. त्याचं तिकीट निघे, पोत्याचंही लगेजचं तिकीट निघे. कोहळा असेल तर तो मांडीवर घेऊन बसायची सक्ती होती, कारण खाली ठेवला आणि घरंगळत ड्रायव्हरच्या पायाखाली गेला तर ब्रेक दाबणार कसा. भर दुपारी मिशीवाले बाप्ये लेकरासारखे कोहळे मांडीवर घेऊन आमच्या फाटकाशी उतरत, तेव्हा पोरं हसून लोळत.

नव्यानव्यानं मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, पोतं काय पळून जाणार आहे?

"पोतं नाई पळत, बाई. पण रस्त्यात काही झालं तं पोत्याले विचारता येते का, तू कोणाचं म्हून? बेवारस होते थे." आणि लगेच जीभ चावून त्यांनी कान पकडले. हा शब्द आमच्या घरात मी कुणालाच बोलू देत नसे.

त्या नियमाचा फायदा मला पुढं कळला. आमच्याकडं उतरलेल्या माणसाला गाडी शेवटच्या गावाहून परतेपर्यंत करायला काही नसे. मग तो पोरांच्या पंगतीला जेवायला बसे. जेवल्यावर बसल्याबसल्या कुणी कुंपण नीट करी, कुणी बाई एखाद्या पोरीची वेणी घाली. पुढच्या खेपेला तीच बाई तीच पोर शोधत येई. पोतं एकटं आलं असतं तर यातलं काहीच आलं नसतं. एवढं होऊनही, हे आपल्या नियमानं झालं असं कंडक्टरभाऊंना कधी वाटलं नाही. त्यांना फक्त कोहळ्याची काळजी होती.

त्यांचं घर भद्रावतीकडचं. वडील कारखान्याच्या कॉलनीत कामाला होते. बौद्ध घर, भूत-भानामती, अंगात येणं, उतारा टाकणं, असलं काही घरात चालू दिलेलं नव्हतं, आणि याचा त्यांना अभिमान होता. "आपण भुताले भेत नाई, बाई," असं छाती काढून सांगत आणि पुढं म्हणत, "आपण नाल्याले भेतो."

नाल्याची भीती मात्र खरी होती. आमच्या अलीकडं एक नाला आहे. पावसाळ्यात तो भरला की आठवडेच्या आठवडे एसटी बंद. म्हणून मृगाच्या आधी कोठी भरलेली असली पाहिजे, हे आमच्या घरातलं सगळ्यात मोठं काम. उन्हाळा सरत आला की मी रोज कोठीचं दार उघडून पाही आणि कंडक्टरभाऊ रोज विचारत, "किती झालं, बाई?"

त्या वर्षी वैशाखात, कोठी जेमतेम अर्धी असताना, त्यांनी आपला नियम एकदाच मोडला.

नाल्यापलीकडं एका गावाचा फाटा आहे. तिथं ऐनाचं मोठं झाड, तोच थांबा. त्या दुपारी आभाळ एकाएकी भरून आलं, वावटळ सुटली. झाडाखाली एक गाठोडं होतं आणि आसपास कुणी नव्हतं. कंडक्टर उतरले. शिटी मारली, हाका मारल्या, झाडाला दोन फेऱ्या घातल्या. ड्रायव्हर हॉर्न देऊ लागला. थेंब पडायला लागले. गाठोड्याच्या फटीतून लाल चौकड्यांचं जाड ब्लँकेट दिसत होतं, आणि आमच्याकडं पांघरुणं कमी पडतात हे त्यांना ठाऊक होतं. भिजून वाया जाईल, या एका काळजीनं दुसऱ्या सगळ्या काळज्यांवर मात केली. त्यांनी गाठोडं उचललं आणि लगेजचं तिकीट स्वतःच्या पैशानं काढलं. आमच्याकडं उतरवताना म्हणाले, "माणूस नोहता, बाई. मले बरं नाई वाटून राह्यलं."

मी हसले. गाठोड्यात ब्लँकेट होतं, पितळेचा लोटा आणि एक ताट. लोटा पंगतीत गेला. ब्लँकेट मी सोमीला दिलं.

सोमी आमच्याकडं नवी आलेली, सगळ्यांत लहान. रोज झोपेतून दचकून उठायची आणि मग भिंतीला पाठ लावून बसून राहायची. त्या ब्लँकेटखाली ती पहिल्यांदा सकाळपर्यंत झोपली. दुसऱ्या दिवसापासून ती ते अंगणातसुद्धा ओढत न्यायला लागली.

काही दिवसांनी त्या फाट्यावरच्या गावचा एक माणूस पोतं घेऊन आला. नेहमीसारखा पंगतीला बसला. मी वाढत होते. पाण्याचा लोटा त्याच्यापुढं आला आणि त्याचा हात तसाच राहिला. लोट्याच्या काठाला एक चीर होती, तिच्यावर त्यानं बोट फिरवलं. मग मान वळवून त्यानं ओट्यावर ब्लँकेटात बसलेली सोमी पाहिली. तो उठला. हात न धुता फाटकाबाहेर गेला आणि परतीची गाडी येईपर्यंत रस्त्याच्या कडेला उन्हात बसून राहिला. स्वयंपाकाच्या बाई त्याच्याशी बोलून आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या,

"बाई, थे सामान मेलेल्याचं आहे."

त्या गावात कुणी गेलं की त्याच्या वापरातल्या वस्तू त्याच्यासाठी शिवेवर नेऊन ठेवतात. त्या त्याच्या. जिवंत माणसानं त्यांना हात लावायचा नाही. एरवी सोबत उलटी खाट असते, ती पाहून कुणालाही कळतं. या वेळी खाट आत झाडीत ठेवली होती आणि गाठोडं रस्त्याच्या बाजूला राहिलं होतं. आमच्या कंडक्टरांनी एका म्हाताऱ्याची शेवटची शिदोरी एसटीत घालून अनाथालयात आणली होती.

त्याच आठवड्यात सोमीला ताप भरला. हिवताप होता. आरोग्य केंद्रातल्या नर्सनं गोळ्या दिल्या, आणि आमच्याकडं हिवताप काही नवा नाही. पण गावोगाव बातमी गोळ्यांच्या आधी पोचली. म्हातारा आपलं पांघरूण शोधत अनाथालयात शिरला आहे, त्या घरात अन्नपाणी घ्यायचं नाही, असं ठरून गेलं.

कंडक्टरभाऊ ऐकून पायरीवरच बसले. "आपण हे मानत नाई," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "आपण नाई मानत." आणि मग, "पोरगी कशी आहे?"

रोज येताना ते गाडीतूनच मान बाहेर काढून ओट्याकडं पाहत. सोमीचा ताप उतरला तरी पाहत. एकदा ब्लँकेट परत झाडाखाली ठेवून येतो म्हणाले. सोमीनं ते दोन्ही मुठींत धरलं आणि असा टाहो फोडला की त्यांनीच हात मागं घेतला. शिवाय स्वयंपाकाच्या बाई म्हणाल्या की वापरलेलं परत नेऊन ठेवणं त्याहून वाईट. कंडक्टरभाऊ सुकत चालले. भुताची भीती त्यांना खरंच नव्हती, असं मी आजही सांगेन. एक गाव आपल्यामुळं दुखावलं आणि पोरांचं ताट आपल्यामुळं रिकामं होणार, या दोन गोष्टींनी ते पोखरले होते.

आणि ताट खरंच रिकामं व्हायची वेळ आली. गावं निर्दय नव्हती. लोक थांब्यावर पोती आणून ठेवत आणि म्हणत, "ने बाबा, पोट्ट्यांले दे. आमी नाई येत." आणि कंडक्टर ती पोती घ्यायला नकार देत. हे ड्रायव्हरकडून कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. गाडी आल्याबरोबर मी त्यांना फाटकाशी गाठलं.

"भाऊ, लोक देऊन राहिलेत आणि तुम्ही सोडून येता? कोठीत काय आहे माहीत आहे तुम्हाला?"

"मालासोबत माणूस पाह्यजे, बाई."

"माणसं येत नाहीत म्हणून पोरं उपाशी ठेवायची?"

ते हटले नाहीत. "एकदा माणसाबिगर उचललं. पाह्यलं नं काय झालं? आता कोणाचं काय आहे मले नाई समजत. मले भेव वाटते. तुमी मले काहीबी बोला."

मी बोलले. नको तेवढं बोलले आणि त्यांनी ते सगळं खाली मान घालून ऐकलं. पुढच्या सुट्टीनंतर ते भद्रावतीहून स्वतःच्या घरचं तांदळाचं पोतं घेऊन आले, आणि ड्यूटीवर नसताना, त्या पोत्याशेजारी प्रवासी म्हणून बसून आले. तिकिटं दोन्ही काढलेली. त्या पोत्यानं थोडे दिवस निघाले. हा माणूस नियमापायी पोरांना मारेल की पोरांपायी स्वतः मरेल, हे मला कळेना.

तेवढ्यात संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला. माणूस वाईट नव्हता, पण शहरात बसून काळजी करणारा होता. म्हणाले, "पावसाआधी कोठी भरली नाही तर पोरं तिथं ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. दुसऱ्या संस्थांमध्ये जागा पाहून ठेवल्यात. जिथं जशी मिळेल तशी वाटून देऊ." वाटून देऊ हा शब्द माझ्या छातीत रुतून बसला. भाताच्या पंगतीत मी पोरांचे चेहरे पाही आणि कोण कुठं जाईल याचा विचार थांबवता येत नसे. सोमीला जिथं नेतील तिथं ते ब्लँकेट नेऊ देतील का, हाही.

आभाळ रोज दुपारी काळं व्हायला लागलं होतं. नाल्यात पाणी दिसू लागलं.

एका दिवशी मी सोमीच्या उरलेल्या गोळ्या घेऊन एटापल्लीहून परत येत होते. गाडीत माणसं थोडी, पोतं एकही नाही. कंडक्टरभाऊ माझ्याशी बोलायचं टाळत होते. फाट्याचं ऐनाचं झाड आलं, घंटी वाजली. झाडाखाली एक म्हातारी उभी होती. हातात काठी, बाकी हात रिकामे. ड्रायव्हरनं मागं वळून हळूच सांगितलं, "भाऊ, थ्या बुढ्याची बायको होय."

कंडक्टरांचा चेहरा पांढरा पडला. तरी ते खाली उतरले, तिचं लुगडं पायरीत अडकू नये म्हणून सावरून धरलं, तिला हात देऊन वर घेतलं. ती पुढच्या सीटवर बसली. ते तिकिटाचं मशीन हातात घेऊन तिच्यापुढं उभे राहिले.

"आजी, कुठी जाता?"

म्हातारीला मराठी येत नव्हती. त्या रस्त्यावर मराठी न येणारे पुष्कळ होते. पण कंडक्टरांचं एक वाक्य सगळ्यांना पाठ होतं. पोरं खेळातसुद्धा ते म्हणत. म्हातारीनं काठी उचलून रस्ता पुढं जात होता त्या दिशेला धरली, आमच्या घराच्या दिशेला, आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली,

"मालासोबत. माणूस. पाह्यजे."

मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

कंडक्टरांनी मशीनवर बोटं मारली, चुकली, पुन्हा मारली. तिच्या तिकिटाची पट्टी निघाली. त्याखालोखाल त्यांनी आणखी एक काढली, लगेजची, आणि दोन्ही तिच्या मुठीत ठेवली. मग वळून मागं गेले आणि शेवटच्या सीटवर तोंड खिडकीकडं करून बसले. पुढचा पूल आला तेव्हा घंटी वाजलीच नाही. ड्रायव्हरनं आपणहून गाडी थांबवली आणि वाट पाहिली. तेव्हा ते भानावर येऊन पूल पाहायला उतरले.

आमच्याकडं सोमी ओट्यावरच होती. म्हातारी काठी टेकत तिच्यापर्यंत गेली आणि खाली बसली. सोमीनं ब्लँकेट पोटाशी धरलं. म्हातारीनं ते ओढलं नाही. एक कोपरा तेवढा हातात घेतला, तिथं हिरव्या दोऱ्याचं रफू होतं. तिनंच केलेलं असणार. बोटानं टाके चाचपत ती गोंडीत बराच वेळ काहीतरी बोलली. सोमीशी बोलत होती की म्हाताऱ्याशी, मला कळलं नाही. स्वयंपाकाच्या बाई पदरानं डोळे पुसत सांगू लागल्या.

"म्हणते, आमाले लेकरू नाई झालं. तो नेहमी म्हणे, मी गेल्यावर माझं पांघरूण कोण पांघरणार. म्हणते, हे पाहा, पांघरलं. गावाले मी सांगन. त्याचं आहे, त्यानं दिलं."

मग म्हातारीनं जेवायला मागितलं. त्याच चिरेच्या लोट्यातून पाणी प्यायली. पोरं हात थांबवून बघत होती, आणि मला भात वाढता येईना.

परतीची गाडी आली. फाटकाशी उभी राहून हॉर्न देत राहिली. शेवटी कंडक्टरभाऊ स्वतः आत आले. वर आभाळ दाटलेलं, त्यांचा जीव त्या नाल्यात.

"आजी, चला. पुढं नाला आहे."

म्हातारी हलली नाही. सोमी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. म्हातारीनं कमरेची गाठ सोडली, त्या दोन्ही पट्ट्या काढून त्यांना दाखवल्या आणि पुन्हा गाठ मारली. ब्लँकेटवर थाप दिली, स्वतःवर थाप दिली. त्या पाठ वाक्यातले दोनच शब्द वापरून तिनं सांगितलं.

"माल. माणूस."

कंडक्टरभाऊ तिथंच उभे राहिले. पूल पाहण्याखेरीज त्यांच्यामुळं गाडीला कधी उशीर झाल्याचं मला आठवत नाही, त्या दिवशी झाला. मग खाली वाकून त्यांनी झोपलेल्या सोमीच्या पायावरचं ब्लँकेट नीट केलं आणि मला म्हणाले, "बाई, उद्यापासून कोठीचं दार उघडं ठेवा. येतीन लोकं."

म्हातारी आमच्याकडं जेवली आणि राहिली, ही बातमी त्याच गाडीनं गावोगाव गेली. लोक आले. पोती मांडीवर घेता येत नाहीत म्हणून शेजारी धरून, कोहळे मांडीवर घेऊन, नाला भरायच्या आत रोज आले. कुणालाही कुठं पाठवावं लागलं नाही. म्हातारी आजही आमच्याकडंच आहे आणि माझ्या डाळीत पाणी जास्त असतं असं तिचं मत आहे. कंडक्टरभाऊंची पुढं बदली झाली. त्या रस्त्यावर आता पोतं एकटंसुद्धा चढतं, पण कुणी तसं पाठवत नाही.

मला ते आठवतात ते त्या संध्याकाळचे. गाडीत चढले, दोन घंट्या मारल्या, आणि नेहमीचा प्रश्न विचारायचं पहिल्यांदाच विसरले. गाडी तरी हलेना. ड्रायव्हर आरशातून त्यांच्याकडं पाहत थोडा थांबला.

"ब्रेक पाह्यले, भाऊ," तो म्हणाला, आणि मग गाडी सुरू केली.